पाणकावळ्यांच्या खुर्च्या

आमच्या घरात भांड्यांपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त. वडिलांनी आयुष्यभर वाटली आणि उरलेली डब्यांखाली अंथरली. ‘जबाब द्या!’ वाचतच मी अक्षरं शिकले. त्यामुळे आईच्या बचत गटाच्या झिंग्यांची विक्री अडकली, तेव्हा मी लगेच कागद ओढला.

गटातल्या बायकांनी केशोरीजवळची एक बोडी, धानाला पाणी देणारं छोटं तळं, भाड्यानं घेऊन त्यात झिंगे वाढवले होते. माल उचलण्याआधी गोंदियाच्या व्यापाऱ्यानं पाणी तपासून घेतलं आणि फोन केला, "दीदी, इसमें तो लैट्रिन वाले कीटाणू निकले! पानी सुधारो, नहीं तो माल नहीं उठेगा."

बायका भडकल्या. गटाची अध्यक्ष असलेली काकू म्हणाली, "आमच्या बोडीत कोन बसते लोटा घेऊन?"

मला बोडीजवळची राईस मिल आठवली आणि मी मथळा लिहिलाही: ‘राईस मिलवाल्यांनो, जबाब द्या!’

आई म्हणाली, "मिल खाली आहे, बोडी वर. मिलचं पानी काय चढून येईन?"

तिघी बोडीवर गेलो. कोवळ्या उन्हात पाण्यात रोवलेल्या खुंटीखुंटीवर एकेक पाणकावळा पंख पसरून बसलेला. एकानं आमच्यादेखत शेपटी उचलली आणि पांढरी पिचकारी थेट पाण्यात सोडली.

उत्तर मिळालं, पण खुंट्या आमच्याच होत्या. चोरून जाळं फेकणाऱ्यांचं जाळं फाटावं म्हणून बायकांनीच कंबरभर पाण्यात बांबू रोवले होते.

"फटाके फोडतो," काकू म्हणाली.

"पक्ष्यांवर कायले? खुर्च्या आपणच मांडल्या ना!" मी तापले. "खुंट्या काढा."

"काढतो ना! मंग चोराइले जेवाले तूच बोलाव, व पोरी."

असं म्हणत काकू रागानं पाण्यात उतरली आणि एक खुंटी उपटायला लागली. हलवली, वाकवली, खुंटी निघेना. शेवटी वैतागून तिनं वरून सगळा भार टाकला, तर खुंटी चिखलात रुतत पाण्याखाली गडप.

आई काठावरून ओरडली, "राहू दे, राहू दे तशीच! जाळं आताही फाटते. पाखरू कुठं बसनार?"

दुसऱ्या दिवशी गटातल्या सगळ्या बायका पाण्यात. रुतेल ती खुंटी रुतवली, न रुतेल ती पाण्याखाली कापली. थोडं जुनं पाणी सोडून नहराचं नवं घेतलं. पकडलेले झिंगे तिथंच खंगाळायची सवयही बंद, आता हापशीवर. मग पाणी पुन्हा तपासायला गेलं आणि काकू फोन कमरेला खोचून फिरू लागली. वाजला की आधी आईला द्यायची; ऐकायची हिंमत होत नव्हती.

"साफ है, दीदी. गाडी भेज रहा हूँ."

झिंगे काढायच्या दिवशी एका बुडालेल्या खुंटीला कुणाचं तरी फाटकं जाळं लटकलेलं सापडलं. काकूनं ते विजयानं बांधावर वाळत घातलं.

आणि पाणकावळे? खाली राईस मिलच्या तारेवर ओळीनं बसले होते, जणू मिलवाल्यांकडे जबाब मागायला. माझं पत्रक वाचलं तर त्यांनीच.