क्लचवरचा पाय

लिहावं की नाही, याचा आठ दिवस विचार केला. इथे लिहिणारे सगळे जाणते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे काही चुकलं तर माफ करा. मी सायन्सचा विद्यार्थी आहे, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. याला आताही मी भूत म्हणत नाही... काय म्हणावं, तेच कळत नाही.

आमचं गाव वरवट बकाल. माझे बाबा, नामदेव, गावातल्या डॉक्टरसाहेबांचे ड्रायव्हर. साहेबांची फिकट हिरवी मोटार बाबांच्या लग्नाच्याही आधीची. लहानपणी सुट्टीत मी मागच्या सीटवर बसून त्यांच्यासोबत खेड्यांवर जायचो. पेट्रोल आणि औषधांचा मिसळलेला वास, खिडकीतून दिसणाऱ्या संत्र्याच्या बागा... कधी साहेब स्वतः चालवायचे. डावा पाय सतत क्लचवर. बाबा शेजारून म्हणायचे, "साहेब, पाय खाली घ्या. केबल जाते अशानं."

"अरे नामदेव, पायाले बी बसाले जागा लागते ना," साहेब हसून म्हणायचे.

बाबा मात्र चप्पल काढून, अनवाणीच चालवतात. गाडी म्हणजे पोटाची लक्ष्मी, तिला चप्पल लावायची नाही. मलाही तसंच शिकवलंय.

दोन वर्षांपूर्वी साहेब पुण्याला मुलाकडे राहायला गेले. जाताना किल्ली बाबांना दिली — "मी येईपर्यंत चालती ठेव." तेव्हापासून बाबा रोज सकाळी सोनाळ्यापर्यंत चक्कर मारतात. बाबांशिवाय गाडीला कुणी हात लावत नाही.

यंदा दसऱ्यानंतर क्लचची केबल तुटायला लागली. दर पंधरा दिवसांनी, पॅडलच्या बाजूनेच. सोनाळ्याचे गजूभाऊ मिस्त्री पहिल्यांदा म्हणाले, वळण चुकलंय. त्यांनी केबल सरळ बसवली. दुसऱ्यांदा म्हणाले, "अर्थिंगची वायर ढिली असन त करंट केबलीतून जाते अन् ती जळते." वायर घट्ट होती. तिसऱ्यांदा ते बाबांकडे बघत राहिले.

"नामदेवभाऊ, पाय राह्यते तुमचा क्लचवर."

"माहा?"

"मंग काय माहा?"

बाबांनी हेसुद्धा जसंच्या तसं पुण्याला कळवलं. साहेबांचा मुलगा म्हणाला, "काका, वय झालं आता तुमचं. विकून टाकू गाडी." बाबा "हाव" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना पाय खाली घ्यायला सांगणारा माणूस...

मी नवीन केबलसोबत पॅडलला नवं रबर बसवून घेतलं आणि पंधरा दिवस बाबांच्या शेजारी बसून फक्त त्यांचा पाय पाहिला. गिअर बदलला की पाय खाली. एकदाही चूक नाही. तरी सोळाव्या दिवशी, सोनाळ्याच्या अलीकडे, केबल तुटली.

गजूभाऊंनी वाकून रबर काढलं, उजेडात धरलं.

"काऊन भाऊ, बूट घालून चालवून राह्यले का तुमी?"

रबरावर चंद्रकोरीसारखी खोल खाच होती. झिजून झिजून पडलेली. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "साहेबाचा बूट हाय हा." साहेबांच्या बुटाच्या पुढच्या टोकाला लोखंडी पत्री असायची, ती मीही पाहिलेली आहे. गजूभाऊ आधी हसले. मग बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून नवी केबल शोधायला वळले.

रबर खराब निघालं असेल, असं मी मित्रांना सांगतो. पण पंधरा दिवसांत? अनवाणी पायाने?

मागच्या सोमवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. साहेब गेले. "काका, गाडी विकायचं बोललो ते विसरा," म्हणाला. दसऱ्यापासून साहेबांना कुणी ओळखू येत नव्हतं. रोज सकाळी बूट घालून मागायचे आणि खुर्चीत बसून दोन-दोन तास गाडी चालवायचे. नामदेवला बोलवू का, असं घरच्यांनी विचारलं की म्हणायचे, "नको. दमला हाय तो. झोपू दे त्याले, मी चालवतो."