रेकॉर्डवरचं नाव

पुण्याचे ते गृहस्थ आले तेव्हा मी रोपवाटिकेत टोमॅटोच्या ट्रेना पाणी मारत होते. दुपारी लाईट जाणार होती, आणि मला कुणाशी बोलायला सवड नव्हती. त्यांनी फाटकातूनच एका बाईचं नाव घेतलं, पुढे कऱ्हाटी गावचं एक आडनाव जोडलं. या बाई इथं सणसरला दिल्या असं कळलं, म्हणाले.

"त्या नावाचं इथं कुणी नाही," मी म्हटलं.

"चौकातही तेच सांगितलं," असं म्हणून ते वळलेसुद्धा.

ओट्यावर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हाय की," त्या म्हणाल्या. "आत घे त्यास्नी. उनात कशाला उभं करतीस?"

सासूबाईंना आम्ही सुना आत्या म्हणतो. त्यांचं आधार कार्डावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव, बारामतीच्या दवाखान्यातल्या फाइलवरचं नाव मला तोंडपाठ आहे, कारण ती सगळी कामं माझ्याकडेच असतात. या सगळ्यांवर एकच नाव आहे आणि ते हे नव्हतं. यात नवल काही नाही. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. माझंही बदललं. माझं जुनं नाव माहेरी अजून चालतं एवढंच. आत्यांच्या माहेरी आता हाक मारायला कुणी उरलेलं नाही.

पाहुण्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळी रेकॉर्ड काढली. निवृत्तीनंतर जुन्या रेकॉर्डी जमवायचा त्यांना नाद लागला होता. मधल्या लेबलवर तेच नाव छापलेलं होतं. आत्यांनी शेंगांची टरफलं पदरानं झटकली आणि रेकॉर्ड मांडीवर घेतली. या घरात मला तीस वर्षं होत आली, पण त्या गायच्या हे मला त्या दुपारी कळलं. ओव्यासुद्धा म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

गोष्ट मोठी नव्हती. वडील शाळामास्तर, पेटी वाजवायचे. कुणाच्या तरी ओळखीनं ते मुलीला मुंबईला घेऊन गेले आणि तिथं तिची चार गाणी झाली, दोन रेकॉर्डींची. हलकीफुलकी गाणी, त्या काळी लोकांना आवडायची तशी. शाळेच्या पटांगणात माईकशिवाय मोठ्यानं गायची सवय, त्यामुळे तिथल्या माणसांनी तिला मागं सरक, मागं सरक करत पार भिंतीला टेकवलं.

"येवढ्या लांबनं गाऊन घ्यायचं, तर कऱ्हाटीतनंच गायली असती की मी," आत्या म्हणाल्या.

पाहुणे हसले. मग त्यांनी विचारलं, "पुढं का नाही गायलात, आजी?"

"लगीन झालं."

एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. माझंही झालं नसतं.

लग्न कऱ्हाटीलाच, मुलीच्या दारात. लाउडस्पीकरवाला बारामतीचा. झाडावर कर्णा बांधून तो सकाळपासून गाणी लावत होता. त्याच्याकडे नेमकी ही रेकॉर्ड होती. नवरीचा मान करावा म्हणून, वरपक्षाची पंगत बसल्यावर, त्यानं ती लावली आणि माईकवरून सांगितलं की मंडळी, हा आवाज आपल्या नवरीबाईंचा आहे. माझे आजेसासरे हातातला घास खाली ठेवून पत्रावळीवरून उठले. त्यांच्यामागं सगळी पंगत उठली. आमची सून कर्ण्यावर गाते, म्हणजे काय?

मास्तरांनी हात जोडले. पुन्हा गायची नाही, असं ठरलं. तेवढ्यानंही भागलं नाही. मुलीचं नाव पत्रिकेला जुळत होतं, ते तसंच ठेवायचं आधी बोलणं झालं होतं. आता आजेसासऱ्यांनी तांदळाचं ताट मागवलं. त्यांचा हिशोब सरळ होता: नाव गेलं की गाणारी गेली.

"मालकांनी लिवलं," आत्या म्हणाल्या. "अक्षर बरं व्हतं त्यांचं."

रेकॉर्ड कंपनीला आणखी गाणी हवी होती. मास्तरांनी लग्न झाल्याचं कळवून टाकलं.

पाहुणे ती गाणी इंटरनेटवर घालणार होते. "पण नाव कुठलं घालू, आजी? लेबलवरच्या नावानं आज तुम्हाला कुणी ओळखत नाही. आणि एकदा नाव तिथं गेलं की लोक तेच धरून चालतात."

आत्यांनी रेकॉर्ड खाली ठेवली नाही.

तेवढ्यात माझे थोरले दीर आले. चौकातनं त्यांना खबर लागली होती. सगळं ऐकून ते एकदम खूश झाले.

"आये, आपलं नाव घाल. सासरचं, आडनावासकट. घराण्याचं नाव निघंल. सत्कार करू, शाळेची पोरं बोलवू."

"कुठल्या घराण्याचं?"

"आपल्याच की."

"पत्रावळीवरनं उठलं, त्येच ना ह्ये घराणं?"

भाऊजी जरा चपापले. "आजा गेला, आता कशाला त्ये काढतीस? बरं, दोनी नावं घाला. पयलं रेकॉर्डवरचं, मग कंसात आपलं."

पाहुण्यांनाही ते पटलेलं दिसलं. आत्यांनी लेबलवर बोट ठेवलं.

"कंस नगं," त्या म्हणाल्या. "हितं हाय तेवढंच घाला."

"मग लोकांला कळायचं कसं, ही आमची आई हाय म्हणून?"

"न्हाय कळलं तर ऱ्हाऊ दे. ती गायली तवा कुणाचीच आई न्हवती."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू तरी सांग."

मला ट्रे उरकायचे होते, रात्रीचा स्वयंपाक होता, आत्यांच्या गुडघ्याला तेल लावायचं होतं. "चहा घ्या, भाऊजी," मी म्हटलं. "नाव त्यांचं आहे. त्या सांगतील तसं."

त्यांनी चहा घेतला नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस ते आमच्या ओट्यावर आले नाहीत. सत्काराचा विषय आपोआप मिटला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. शंभर माणसांचा चहा मलाच करावा लागला असता.

गाणं इंटरनेटवर आल्याचा पाहुण्यांचा फोन आला. मी मोबाईल आत्यांपुढं धरला. त्यांनी चष्मा लावला, आधी नाव वाचलं, अक्षरं लावून लावून, दोनदा. मग म्हणाल्या, लाव.

आवाज कोवळा होता, जरा नाकातला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"दुसऱ्या कडव्यात दम तुटलाय."

"मला नाही कळलं."

"मला कळतंय ना. परत घ्या म्हणलं व्हतं मी, त्यास्नी घाई." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "इतकी वरसं म्हणायला जागा व्हती, ती बाई मी न्हवंच म्हणून. आता नाव हाय म्हणल्यावर ती चूकबी माझीच."