इक्बालभाईंचं ताटाळं

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता ऑफिसच्या ग्रुपवर नेहमीसारखा इक्बालभाईंच्या नावाने मेसेज आला, ‘सगळ्या टेस्ट पास’. मी उलव्याहून निघाले होते, रिक्षातच सवयीने अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि मोकळी झाले. वीस मिनिटांनी त्यांच्या बायकोचा, सायराभाभींचा फोन आला. इक्बालभाई सकाळी सहाला गेले होते, मेंदूत रक्तस्राव होऊन. मेसेज त्यांनी पाठवलेलाच नव्हता. त्यांनी लावून ठेवलेला प्रोग्रॅम तो रोज आपोआप पाठवायचा... गेलेल्या माणसाला मी शाबासकी दिली होती. दीड महिना झाला, ते काही मनातून जात नाही.

आमचं ॲप कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या ट्रकवाल्यांसाठी आहे. व्यापारी कॉम्प्युटरवर माल नोंदवतो, ड्रायव्हर फोनवरून पोचपावतीचा फोटो पाठवतो. हे सगळं नीट चालतं का, ते रोज आपोआप तपासणारे प्रोग्रॅम लिहिणं, हे आम्हा दोघांचं काम. चाललं की हिरवं, अडलं की लाल. तपासणीचे फोन ठेवायला इक्बालभाईंनी घरून चक्क भाभींचं स्टीलचं ताटाळं उचलून आणलं होतं. ताटांच्या जागी दहा-बारा फोन उभे. शेवटच्या खाचेत तडकलेल्या काचेचा एक जुना फोन, जो त्यांनी एका ड्रायव्हरला नवा देऊन मागून घेतला होता. म्हणायचे, “आपल्या ड्रायव्हरकडे हाच असतो. ह्याच्यावर चाललं तर चाललं, बाकी सगळा शो.”

त्या फोनने मला फार छळलं. पोचपावतीची टेस्ट त्याच्यावर कधी पास, कधी फेल. एका दुपारी नवं व्हर्जन द्यायचं होतं आणि साहेब डोक्यावर उभे. मी गुपचूप रीट्राय लावला. म्हणजे टेस्ट फेल झाली तर आणखी दोनदा चालवायची, तिनांतून एकदा जरी पास झाली तरी हिरवं दाखवायचं. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. इक्बालभाईंनी दुसऱ्याच दिवशी पकडलं. ओरडले नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसले.

“तू त्याला तीनदा विचारलंस, वैशाली. पयल्यांदा त्याने खरं सांगितलं होतं.”

मग दोन दिवस खपून त्यांनी शोधून काढलं, की फोटो जाताना मध्येच कुणाचा कॉल आला तर त्या फोनवर पावती हरवते. पावती पोचली नाही म्हणून एखादा ड्रायव्हर आणखी एक दिवस यार्डात ताटकळला असता. त्यांनी त्या टेस्टवरचा रीट्राय काढला आणि साहेबांना माझं नाव सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी रोज मोजून वहीत लिहायला सांगितलं. मशीन ते ऑफिसच्या खणात ठेवत, कारण घरी आकडा बघितला की भाभी टेन्शन घेत. जेवणाआधी दंडाला पट्टा बांधायचे. आकडा जास्त आला की पाच मिनिटं डोळे मिटून पुन्हा मोजायचे, पुन्हा जास्त आला तर पुन्हा. कमी आला की तेवढा एकच वहीत. एकदा ते पाचव्यांदा पट्टा आवळत असताना मी म्हटलं, “इक्बालभाई, रीट्राय लावला काय?”

“गप गं. सॉफ्टवेअर जुनं हाय माझं, गरम व्हायला टाइम लागतो.”

आम्ही दोघंही खळखळून हसलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असंही मी वर ऐकवलं. वही बघून डॉक्टरांनी गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या. दुसऱ्याचा एक खोटा हिरवा ठिपका खपवून न घेणारा माणूस स्वतःच्या बाबतीत असा वागत होता, आणि ते दिसत होतं फक्त मला. मला तेव्हा त्याची नुसती गंमत वाटली. लाज वाटते लिहिताना.

चाळिसावा झाल्यावर भाभींना भेटायला कळंबोलीला गेले. ऑफिसचा खण आवरताना सापडलेलं मशीन पर्समध्ये होतं. ते नुसतं द्यायचं आणि निघायचं, असं ठरवून गेले होते. भाभींनी आधी ती वही माझ्यापुढे धरली. “बघ ना, सगळं नॉर्मल हाय. मग असं कसं झालं गं? माझ्याच हाताने मीठ जास्त पडत असेल...”

ही बाई दीड महिना स्वतःला बोल लावत बसली होती. मग मला गप्प राहवेना. मी मशीन काढलं, मेमरीचं बटण दाबलं. वहीत न उतरलेले सगळे आकडे त्यात होते.

“भाभी, मीठ नव्हतं. ते पुन्हा पुन्हा मोजायचे आणि कमी आलेला तेवढा लिहायचे. मी बघत होते. मी हसले होते.”

भाभी बराच वेळ बटण दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे रोज पयला आकडा खराच यायचा.”

“हो.”

त्यांनी मला माफ केलं की नाही, ठाऊक नाही. दारापर्यंत सोडायला आल्या नाहीत. पण मिठाचं ते पुन्हा बोलल्या नाहीत.

ताटाळं अजून ऑफिसातच आहे, भाभींनी परत मागितलेलं नाही. इक्बालभाईंची नजर चुकवून मी आणखी काही टेस्टना रीट्राय लावले होते. त्या सकाळचा ‘सगळ्या टेस्ट पास’ माझ्या त्या रीट्रायमुळेच आला होता. भाभींकडून आल्यावर मी ते सगळे काढले. आता रोज नऊ वाजता इक्बालभाईंच्या नावाने मेसेज येतो, ‘चार टेस्ट फेल’. साहेब कुरकुरतात. मी अंगठ्याचं चिन्ह टाकत नाही. ताटाळ्यापाशी जाते, शेवटच्या खाचेतला फोन काढते आणि पहिल्यापासून बघायला बसते.