तात्यांच्या पाठीवरचा पाय

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर एक्स-रे मोठा करून दाखवला, तेव्हा मला आधी फक्त एक पांढरी, गाठाळलेली दोरी दिसली. ‘ही तात्यांची पाठ,’ ते म्हणाले. ‘याला स्पॉन्डिलोसिस म्हणतात.’

स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांच्या कडांवर हाड वाढतं आणि दोन मणक्यांमध्ये जणू पूल बांधला जातो. पाठ वाकेनाशी होते. शिवाय मागच्या दोन्ही खुब्यांमध्ये आर्थ्रायटिस होता, म्हणजे सांध्यांची झीज.

तात्या हा आमचा कुत्रा. अर्धा लॅब्रॅडॉर, अर्धा डोंबिवलीचा. पिल्लू असतानाच त्याच्या चेहऱ्यावर निवृत्त हेडमास्तरांचा भाव होता, म्हणून माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, त्याला हे नाव दिलं. श्रीधर त्याच्याशी अहो-जाहो बोलायचा. ‘तात्या, फिरायला येता का?’ मी मात्र त्याला अरे-तुरेच करत आले.

श्रीधर गेल्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून तात्या दाराजवळच्या पायपुसण्यावर झोपू लागला. त्याला जेवण मी वाढायचे, औषध मी द्यायचे, आणि तो जिना वाजला की मान उचलायचा. गेलेल्या माणसाचा हेवा करणं विचित्र आहे, पण मला तो वाटायचा. दुःख एकाच माणसाचं होतं, तरी तात्याने ते माझ्याशी वाटून घेतलं नाही.

‘याची किडनी बघता दुखण्याचं औषध फार देता येणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘मसाज सुरू करा. दुखतं म्हणून तो मागचे पाय वापरत नाही, आणि वापरत नाही म्हणून स्नायू झिजतायत. स्वतःहून उठणं थांबलं, तर एवढ्या वजनाच्या कुत्र्याबाबत आपल्याला पुढचं बोलावं लागेल.’

पुढचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

मसाज म्हटल्यावर मी घरी येऊन तिळाचं तेल कोमट केलं. माझी दोन्ही मुलं मी स्वतः चोळून-माखून वाढवली आहेत; हातांचा मला थोडा अभिमान होता. तात्याने वाटी पाहिली आणि सरपटत पलंगाखाली गेला. आमच्या घरात तेल म्हणजे आंघोळ. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यालाही तेल लागायचं आणि ते लावायचे मीच. मी हात आत घातला तर तो गुरगुरला. जेवढं तेल लागलं तेवढं त्याने दुपारभर चाटलं आणि पोट बिघडवून घेतलं. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरांत कोणीही हेच करील. कुत्र्याला तेल लावू नका.

मग ठाण्याचा पत्ता मिळाला. खोपटला एसटी डेपोच्या मागे डॉ. केतकी नावाची एक तरुण मुलगी प्राण्यांची फिजिओथेरपी करते. आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला प्रमोद यायला तयार झाला.

‘काकू, चावत नाही ना?’

‘चावायला आधी उठावं लागतं,’ मी म्हटलं.

तिथे नाव पुकारलं गेलं, ‘तात्या कर्णिक!’ शेजारच्या बाकावरचे एक आजोबा, कोण वडीलधारे येतात म्हणून पाय आवरून बसले.

केतकी चटईवर बसली. तिने आधी काहीच केलं नाही. तळवा त्याच्या खांद्यावर ठेवून नुसती थांबली. मग मानेपासून शेपटीकडे लांब, संथ हात फिरवले. याला इफ्लराज म्हणतात. याने स्नायू उबदार होतात. त्यानंतर पेट्रिसाज, म्हणजे पोळीची कणीक तिंबताना तळव्याचा गादीचा भाग वापरतो तसं, पण फार हलक्या हाताने. मणक्यावर कधीच नाही, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर.

तात्याने डोळे मिटले आणि हनुवटी तिच्या मांडीवर टेकवली. मग एक लांब, कण्हल्यासारखा श्वास सोडला. तो श्वास मी श्रीधर गेल्यापासून ऐकला नव्हता. मला केतकीचा राग आला. कारण नव्हतं, पण आला. परतताना तात्या रिक्षात आपला पंजा चाटत होता, त्याला तिच्या हातांचा वास होता. मी बाहेर बघत राहिले.

‘काकू, माझे हात आठवड्यातून एकदाच,’ तिने निघताना सांगितलं होतं. ‘रोजचे हात तुमचेच हवेत. त्याशिवाय उपयोग नाही.’

मी रोज बसले. तिने शिकवलं तसंच, त्याच क्रमाने. तात्या सहन करायचा. अंग ताठ, तोंड दाराकडे. थोड्या वेळाने सरकून लांब जायचा. अंग आखडलं की मसाज लागत नाही, नुसतं दुखतं. एका सकाळी त्याने दोनदा प्रयत्न केला आणि तो उठू शकला नाही. मी पोटाखालून टॉवेल घालून त्याला उभं केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढच्या खेपेला केतकीला हे सांगितलं. ती त्याच्या अंगावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, ‘मला एक सांगा, घरी याला इथे कोण चोळायचं?’ तिचा हात डाव्या कमरेवर होता. ‘मी बसले की हा पाठ फिरवून ही बाजू पुढे करतो. तीही माझ्या हातांकडे नाही, पायांकडे.’

‘कोणी नाही,’ मी म्हटलं आणि लगेच आठवलं.

श्रीधर संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत वाचत बसायचा. तात्या खाली. श्रीधर चप्पल काढायचा आणि वाचता वाचता उघडा तळवा त्याच्या कमरेवर फिरवत राहायचा. मी आतून ओरडायचे, ‘मुक्या जिवाला पाय काय लावतोस? नमस्कार कर.’ श्रीधर पुस्तकातून डोळे न काढता वाकायचा, तात्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा, ‘माफ करा, तात्या,’ म्हणायचा आणि पाय पुन्हा तिथेच ठेवायचा.

मी हे सांगितलं तशी केतकी हसली. ‘मग तुम्हीही पायच ठेवा. भार टाकायचा नाही. तळव्याची ऊब पुरे.’

त्या संध्याकाळी मी श्रीधरच्या खुर्चीत बसले. तोवर बसले नव्हते. पुस्तक उघडलं, चप्पल काढली, तात्याला हाक मारली नाही. बराच वेळ तो पायपुसण्यावरून बघत होता. मग नखं फरशीवर घासल्याचा आवाज आला. तो पुढच्या पायांवर उठला, मागचे थरथरले, सावरले. तो गॅलरीत आला आणि पाठ माझ्याकडे करून धपकन बसला.

मी वाकून त्याच्या पाठीला हात लावला, कपाळाला लावला आणि पाय ठेवला. त्याने तो श्वास सोडला. तो माझ्यासाठी नव्हता, हे मला कळत होतं. पण तो ऐकायला आता घरात मी एकटीच होते.

हळूहळू पायाच्या जागी हात चालू लागला. मी फिजिओथेरपीतलं फार शिकले असं नाही; अंग सैल झाल्यावर तेच जुने हात लागू पडले, एवढंच.

हाडांचे पूल आहेत तिथेच आहेत. मसाजने ते मोडत नाहीत, असं कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. पण तात्या स्वतःहून उठतो, जिना उतरतो, नाक्यावर प्रमोदच्या रिक्षापाशी थांबून वास घेतो. ‘पुढचं’ बोलणं तूर्त मागे पडलं आहे. त्यासाठी मी दोन्ही डॉक्टरांची ऋणी आहे. केतकीला पाहून तो आजही शेपटी हलवतो तशी माझ्यासाठी हलवत नाही, आणि ते मला आजही झोंबतं. ज्यांच्या घरी असं दुखणं येईल, त्यांना एवढंच सांगते: त्या जिवाला आधी कोणाचा स्पर्श माहीत होता आणि कसा, ते आठवून पाहा. सुरुवात तिथून करा.

परवा मसाज आटोपून मी उठले. तात्याने मान वळवली. मला वाटलं, दाराकडे बघेल. तो माझ्या रिकाम्या खुर्चीकडे आणि मग माझ्या पायांकडे बघत राहिला.

‘माफ करा, तात्या,’ मी म्हटलं आणि पुन्हा बसले.