मामांची तक्रार, मामांविरुद्ध

माझ्या बायकोच्या मामांइतका तक्रारी ऐकायला हपापलेला दातांचा डॉक्टर अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. लग्नाच्या पंगतीत शेंगाचटणी खाताना शेजारच्याने नुसता गाल धरला, तरी मामा जेवण सोडून खिशातली बॅटरी काढत, त्याला आ करायला लावत आणि दाढ बघून झाल्यावर विचारत, "आधी कुणाला दाखवली होती? त्यांनी नीट समजावून सांगितलं का?" शेवटी लग्नाला निघताना मामी त्यांचे खिसे तपासू लागल्या. नव्या दवाखान्याची पाटी दिसली की रिक्षा थांबवून ते डॉक्टरची पदवी अक्षर न् अक्षर वाचत आणि कंटाळलेल्या रिक्षावाल्याला म्हणत, "उद्या तुलाच इथं यायचंय, तूही वाच."

शहरातल्या दंतवैद्यांनी पेशंटच्या तक्रारी ऐकायला आपली आपणच एक समिती केली होती. अध्यक्ष अर्थातच मामा. पण तक्रार करणाऱ्याला बाहेर बाकावर बसवायचं आणि आत चहा पीत प्रकरण मिटवायचं, अशी तिथली रीत. मामा कुरकुरत, कोणी मनावर घेत नसे.

आणि एके दिवशी खुद्द मामांनीच करमाळ्याकडच्या, मेंढ्या पाळणाऱ्या एका आजींचा भलताच दात उपटला. चिमट्यातला दात पाहून ते म्हणाले, "आजी, माझं चुकलं. शेजारचा निघाला. तुम्ही माझी तक्रार करा."

तोंडातला कापूस सावरत आजी म्हणाल्या, "तुमची तक्रार? न्हाय बा. मानूस चांगलं हाय तुमी."

तेव्हा मामांनी स्वतःच स्वतःची तक्रार केली. सुनावणीला ते अध्यक्षांची खुर्ची सोडून समोर बसले आणि आजींना आत बोलवायला लावलं. समितीतले निम्मे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. त्यांतला एक कसाबसा म्हणाला, "सर, मिटवून टाकू या."

"इतकी वर्षं तेच करतोय आपण," मामा म्हणाले. "आधी त्यांना विचारा."

आजींनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "मला दंडबिंड काय नको. पर दात काडायच्या आदी आरसा दावा, अन् ह्योच का म्हनून इचारा की. आमचं त्वांड हाय न्हवं ते."

त्या दिवशी चहा कोणी मागवला नाही. मामांनी आजींना नवा दात फुकट बसवून द्यावा, अध्यक्षपद सोडावं आणि हा निकाल दवाखान्यात लावावा, असं ठरलं. मामांनी तो आपल्या पदवीशेजारीच लावला. मामी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काही पेशंट तो निकाल वाचून परत गेले, काही तो वाचूनच थांबले. तेव्हापासून तक्रार करणारा आत बसतो, आणि समितीत डॉक्टर नसलेली माणसंही असतात.

पुढे हात थरथरायला लागला तसा कोणी सांगायच्या आत मामांनी दवाखाना बंद केला. सुनावणीला मात्र अजून मागच्या खुर्चीवर जाऊन बसतात; त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आहे. परवा एक तरुण डॉक्टर पेशंटने तोंड उघडायच्या आत उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. कशी झाली ते सगळ्यांसमोर सांगते." मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

परतताना स्कूटरवर मागे बसल्यावर एवढंच म्हणाले, "हळू चालवा, जावईबापू. आज घरी पोचायची घाई नाही."