ओडलॉगला मत नव्हतं

ओडलॉगने नॉर्वेच्या किनाऱ्यावर वीस वर्षं जहाजं तपासली होती. आता युरोपीय संघाच्या सागरी सुरक्षा संस्थेच्या बैठकांना ती लिस्बनला जायची. नॉर्वे संघात नाही, त्यामुळे तिला तिथे बोलायची मुभा होती, मत द्यायची नव्हती. घरी मात्र तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

या खेपेला शेजारी मॉन्टेनेग्रोची दानित्सा बसली होती, पहिल्यांदाच आलेली. तिने हळूच विचारलं, "आमच्या देशाला मत नाही. तुम्हाला आहे का?"

"आहे की," ओडलॉग बोलून गेली. "आम्ही जुने इथले."

"मग प्रशिक्षणाच्या ठरावाला हात वर कराल? आमचे तपासनीस सगळे नवखे आहेत हो."

"बघते."

मतदान सुरू झालं. समोरच्या रांगांतून हात वर गेले. ओडलॉगचे हात टेबलावरच राहिले. दानित्सा त्या हातांकडे बघत होती. ठराव मंजूर झाला.

कॉफीच्या रांगेत दानित्सा जवळ आली. "तुम्ही हात वर केला नाहीत. आमचं काही चुकलं का?"

ओडलॉगचे कान तापले. वरून तसा आदेश होता, असं सांगून सुटता आलं असतं.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मलाही मत नाही. मी खोटं बोलले."

"पण का?"

"घरीसुद्धा मी हे कधी सांगितलं नाही," ओडलॉग म्हणाली. हातातला कप तिने तसाच खाली ठेवला.

दुपारी दानित्सा पुन्हा तिच्याच शेजारी बसली.