बिट्टीचा पहिला अंक

माझा थोरला भाऊ पुस्तकं बांधतो, आणि मला तो आवडत नाही. त्याच्या हातात कला आहे म्हणतात. असेल. सुटलेली पानं तो अशी बसवतो की शिवण शोधून सापडत नाही. खोटंही तो तसंच बेमालूम बोलतो.

त्याच्या आतल्या खोलीत जुन्या कॉमिक्सचे गठ्ठे आहेत, एकेक अंक वेगळ्या पिशवीत. वहिनीला तिथे केर काढायचीही बंदी. त्यातला एक अंक म्हणजे त्याचा जीव की प्राण: एका समुद्री चाच्याच्या गोष्टीचा पहिला भाग. तो माझा होता. मी नऊ वर्षांची असताना आत्याने मला आणून दिला होता. शेवटची चार पानं वाचायची राहिली होती, तेव्हा दादाने तो माझ्या हातातून हिसकावला. "तुझा कशावरून?" हे तो गेली पंचेचाळीस वर्षं विचारतोय. आत्या आता नाही, आणि आमचं सुरू झालं की वहिनी विषय बदलते.

गेल्या वर्षी त्याने तो अंक दर्जा ठरवून घ्यायला पाठवला. तिथले तपासनीस भिंगाखाली पान न् पान बघतात, दहापैकी गुण देतात आणि अंक कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करतात. डबी उघडली की गुण रद्द. दादाला साडेनऊची खात्री होती, भेटेल त्याला सांगत सुटला होता. पण बाइंडरचे हात स्वस्थ बसतील तर ना! पाठवण्याआधी त्याने गंजलेल्या पिना काढून नव्या मारल्या, कडा कातरून सरळ केल्या. वर आम्हालाच विचारलं, "हे ओळखायची आहे का कुणाची टाप?"

पार्सल यायचं त्या दुपारी मी मुद्दाम गेले. खोटं कशाला सांगू, त्याची फजिती बघायलाच गेले. दादाला चष्मा सापडेना, म्हणून अहवाल वहिनीने वाचला.

"दहापैकी साडेतीन. पिना बदललेल्या. कडा कातरलेल्या."

"गाढव आहेत लेकाचे!" दादा लालबुंद झाला. "कामातलं काही कळतं का त्यांना?"

वहिनी पुढे वाचू लागली आणि अडखळली. "मुखपृष्ठावरचं नाव पात्याने खरवडलेलं. तिरप्या उजेडात लहान मुलाच्या वळणाची अक्षरं दिसतात. बिट्टी."

घरात मला बिट्टी म्हणायचे. अजूनही म्हणतात.

मग दादाने डबी माझ्याकडे सरकवली. "घे मग तुझा तू. साडेतीनचा अंक मला नकोच."

पंचेचाळीस वर्षांनी कबुली दिली, तीही तोंड वाकडं करून. मी त्याच्याच कामाच्या टेबलावरची हातोडी उचलली.

"अगं, गुण जातील!" दादा ओरडला.

"जाऊ देत. तू बस इथे."

तिसऱ्या घावाला डबी फुटली. गोष्टीचा शेवट अगदीच सुमार निघाला. तरी त्याला समोर बसवून मी ती चार पानं मोठ्याने वाचली, दोनदा.